एका गाडीसाठी दुसरी मोडावी काय?

आमच्या बागलीच्या घराच्या ओसरीवर एक मोटारसायकल उभी असते. येणारे-जाणारे तिच्याविषयी दोनच प्रश्न विचारतात. एक, ‘लिटरला किती धावते?’ आणि दुसरा, ‘विकायची आहे काय?’ पहिल्याचे खरे उत्तर दिले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. दुसऱ्याचे दिले की त्यास आमच्या व्यवहारज्ञानाची कीव येते. तिसरा एक प्रश्न आहे. तो आम्हांस कोणी विचारीत नाही, पण गेली काही वर्षे आम्ही तो स्वतःस विचारीत आलो आहोत. ही गाडी चालती ठेवण्यासाठी तिच्याच जातीची दुसरी गाडी मोडावी काय? प्रश्न दिसावयास मिस्त्रीच्या दुकानातला आहे. परंतु शाळेच्या वार्षिकात त्यास चार पाने मागावीत इतका तो मोठा आहे असे आम्हांस वाटते.

गाडी आहे राजदूत ३५०. माळव्यात ‘राजदूत’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन लटकवून कच्च्या रस्त्याने निमूटपणे जाणारी १७५ घन सेंटिमीटरची गाडी. पोलंडमधील एका गाडीच्या धर्तीवर फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९६२ च्या सुमारास काढली आणि खेडोपाडी ती घरचीच होऊन बसली. त्याच कंपनीने १९८३ साली जी दुसरी गाडी काढली, ती मात्र त्या सोज्ज्वळ घराण्यात जन्मलेल्या वांड मुलासारखी होती. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ ते १९७५ या काळात ‘आर. डी. ३५०’ या नावाची गाडी जगभर विकली होती. शर्यतीच्या गाड्यांवर मिळविलेले ज्ञान तिच्यात ओतलेले होते. जपानने सोडून दिलेले हे यंत्र काही वर्षांनी हरयाणात पुन्हा जन्मास आले. शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६४ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर; दोन्ही मिळून ३४७ घन सेंटिमीटर. आपल्याकडील इतर गाड्यांस त्या वेळी तीन किंवा चार गिअर असत, हिला सहा होते. मूळ जपानी गाडीची शक्ती ३९ अश्वशक्ती होती. आपल्याकडील पेट्रोलचा आणि खिशाचा विचार करून ती प्रथम साडेतीस आणि नंतर २७ वर आणण्यात आली. तरीही त्या काळची ३५० ची बुलेट १८ अश्वशक्तीची होती हे ध्यानात घेतले म्हणजे या गाडीवर बसणाऱ्यास काय वाटत असेल याची कल्पना येईल. एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. मूळ गाडीस पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता; आपल्याकडे शक्ती थोडी घटविली आणि ब्रेक मात्र ड्रमचा दिला. बागलीच्या दक्षिणेस विंध्याचा उतार नर्मदेच्या खोऱ्याकडे जातो. त्या उतारावर या काटकसरीची आठवण आम्हांस प्रत्येक वळणावर होते.

आमच्या थोरल्या काकांनी ही गाडी १९८६ साली इंदूरहून आणली. काकूंनी पहिल्या दिवशी तिला ओवाळले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर राग धरला, तो अखेरपर्यंत सोडला नाही. तिची भूक मोठी होती. लिटरला २५ किलोमीटर धावली तर काका तिचे कौतुक करीत. इकडे १९८५ मध्ये हिरो होंडाची १०० घन सेंटिमीटरची गाडी आली होती. ती लिटरला ८० किलोमीटर धावते अशी जाहिरात सर्वत्र झळकत होती. त्याच सुमारास यामाहाची आर. एक्स. १०० ही आली. लोकांनी हिशेब केला आणि त्यांचे काही चुकले नाही. ते दशक संपत असताना राजदूत ३५० चे उत्पादनही संपले. पुढे १९९१, १९९६ आणि २००० साली धुराचे नियम एकाहून एक कडक होत गेले आणि दोन धावांच्या इंजिनाच्या मोटारसायकलींचा काळच सरला. कारखाना बंद झाला की काही वर्षे दुकानदाराच्या फळीवर भाग सापडतात; मग जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर; आणि त्यानंतर ते केवळ दुसऱ्याच्या गाडीत सापडतात. आमचा प्रश्न उभा राहतो तो याच तिसऱ्या पायरीवर.

परंतु त्या पायरीवर येण्यापूर्वी पुष्कळ करता येते, आणि लोक ते करीत नाहीत, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे. विद्यार्थिमित्रांनी येथे थोडे लक्ष द्यावे, कारण हे पदार्थविज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. नेहमीच्या चार धावांच्या इंजिनात वायू आत घेण्यास व बाहेर टाकण्यास झडपांची मोठी यंत्रणा असते. दोन धावांच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या पाडलेल्या असतात आणि वर-खाली होणारा पिस्टनच त्या उघडतो व झाकतो. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण प्रथम खाली क्रँकच्या पेटीत येते, पिस्टन खाली येताना तेथे दाबले जाते आणि मग बाजूच्या वाटांनी वर चढते. म्हणजे क्रँकची पेटी हा नुसता डबा नव्हे, तो एक पंप आहे; आणि पंप म्हटला की त्यास कोठूनही हवा लागता कामा नये. क्रँकच्या दोन टोकांस रबराची दोन सील असतात. गाडी दहा वर्षे उभी राहिली की त्यांचे ओठ वाळून कडक होतात. एक सील फुटले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो, फुगतो आणि भर वेगात सिलिंडरला चिकटून बसतो. क्लचकडील फुटले तर गिअरपेटीतील तेल आत ओढले जाते आणि मागे पांढरा धूर पसरतो. पाहणारा म्हणतो, ‘इंजिन संपले, दुसरे आणा.’ वास्तविक संपलेले असते ते तळहातावर मावेल एवढे रबराचे एक कडे.

आणि हे कडे राजदूतचेच असले पाहिजे असे नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, ही तीन मापे जुळली व रबर उष्णता आणि पेट्रोल सोसणारे असले म्हणजे झाले. बेअरिंगची गोष्ट तर आणखी सोपी आहे. बेअरिंगच्या कड्यावर एक आकडा कोरलेला असतो, तो गाडीच्या कंपनीचा नसून साऱ्या जगाचा असतो. ६२०४, ६२०५ अशा आकड्यांतील शेवटच्या दोन अंकांस पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो; ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. (०४ च्या खालच्या चार आकड्यांस हा नियम लागू नाही, ०३ म्हणजे १७.) पाण्याच्या मोटारीचे भाग विकणाऱ्या दुकानदाराकडेही असे बेअरिंग मिळते. पण आमच्यापैकी बहुतेक जण दुकानात जाऊन ‘राजदूत तीनशे पन्नासचे बेअरिंग द्या’ असे म्हणतात, दुकानदार हात झाडतो आणि आम्ही दुर्मीळतेच्या नावाने उसासे टाकतो. दुर्मीळ बेअरिंग नसते. ते ओळखण्याची विद्या दुर्मीळ झालेली असते.

पिस्टनचे तसे नाही. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून मोठा पिस्टन बसवितात. या गाडीत ही वाढ पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी होते, ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि ६५. हे चार टप्पे संपले की सिलिंडरला नवे अस्तर घालावे लागते. म्हणजे प्रत्येक मालकाच्या हाती चारच संधी असतात, आणि एखाद्या उतावळ्या मिस्त्रीने ‘एकदाच मोठे करून टाकू’ म्हणून तीन टप्पे एकदम खाल्ले तर पुढच्या पिढीची शिदोरीच तो संपवितो. पिस्टनची कडीही साधी नसते. भिंतीत खिडक्या असल्यामुळे कडीचे टोक फिरून खिडकीत अडकू नये म्हणून पिस्टनवर एक बारीक खुंटी असते. ती विसरून बसविलेली कडी पहिल्याच मैलात मोडते. आम्ही हे अनुभवाने सांगत आहोत. मिस्त्रीचे नाव सांगत नाही, कारण कडी बसत असताना आम्हीही शेजारी उभे राहून चहा पीत होतो.

क्रँकचे काम सर्वांत नाजूक. तो एकसंध नसून दाबून जोडलेला असतो. तो उघडून दांड्याचे बेअरिंग बदलायचे, पुन्हा दाबून बसवायचा आणि मग दोन आधारांवर ठेवून सुईच्या घड्याळाने पाहावयाचे की फिरताना तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत किती डुलतो. हे काम जाणणारे हात अद्याप आहेत. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे, इतरही कारखाने आहेत. अशा गावात लेथवर उभे राहून आयुष्य घालविलेली माणसे असतात. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नावाने हा उद्योग वाढला त्यांचा आरंभ बेळगावातील सायकलच्या दुकानापासून झाला, ही गोष्ट येथे सहज आठवते. धार जिल्ह्यातील पीथमपूर तर वाहनांचेच गाव आहे. काइनेटिक होंडा ही दोन धावांची स्कूटर तेथेच बनत असे, आणि तिचे जुने मालकही आज आमच्यासारखेच भागांसाठी वणवण करीत असतात. त्याच पीथमपूरजवळ २०२१ साली गाड्यांच्या वेगाची परीक्षा घेण्यासाठी ११.३ किलोमीटरची धावपट्टी उघडली गेली. एवढा वेग शेजारी असून आमचे काम अडते एका रबरी कड्यासाठी, याची गंमत वाटते.

आता मूळ गोष्ट सांगावयास हवी. ती सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा क्रँक बिघडला, आणि तेलाचा पंपही गेला. या गाडीत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही. एक लहानसा पंप वेगाच्या मानाने तेल आत सोडीत असतो. आपल्याकडे पुष्कळांनी हा पंप काढून टाकला व तेल पेट्रोलच्या टाकीतच ओतले. त्यामुळे चांगला पंप मिळणे कठीण. आम्ही दीड वर्ष शोधीत होतो. अखेर कन्नोदच्या बाजूस एका खेड्यात गोठ्याच्या कोपऱ्यात एक राजदूत ३५० पडून आहे असे कळले. आम्ही गेलो. घर मराठीच, बोलण्यात माळवी मिसळलेली. यजमान वारले होते, मुले दूर होती आणि घरात एक आजी होत्या. कडब्याच्या पेंढ्या दूर केल्या तेव्हा खाली गंजलेली पण पूर्ण गाडी दिसली. पंप जागच्या जागी होता. इंजिन हाताने फिरत होते. आजी म्हणाल्या, ‘भंगारवाला वजनावर नेतो म्हणतो. तुम्ही ओळखीचे आहात, दोन पैसे जास्त द्या आणि घेऊन जा. जागा तरी मोकळी होईल.’

आम्ही किंमत जाणत होतो, आजी जाणत नव्हत्या. आम्ही भंगाराच्या भावावर थोडे चढवून बोललो, इसारा दिला आणि परतलो. वाटेभर मनात आनंद होता. पंप आपल्या गाडीस, क्रँक आपल्या गाडीस, उरलेले भाग विकले तर सर्व खर्च निघून वर पैसे राहतील, असा हिशेब चापड्याच्या फाट्यापर्यंत पुरा झाला होता. घरी येऊन हा पराक्रम सांगितला तेव्हा काकूंनी, ज्यांचा त्या गाडीवर जन्माचा राग होता त्यांनी, एवढेच विचारले, ‘त्यांना सांगितले का, ती काय आहे ते?’

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो आणि सांगितले. ही गाडी कोणती, बाजारात तिला काय येते, आणि दुरुस्त केली तर काय येईल. आजींनी ऐकून घेतले, इसारा परत केला, गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले आणि इंदूरच्या पुतण्याला कळविते म्हणाल्या. आम्ही रिकाम्या हातांनी पण मोकळ्या मनाने परतलो. गोष्ट येथेच संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात शोभली असती. तशी ती संपली नाही. पुतण्याने ती गाडी भागांचा व्यापार करणाऱ्या एकास विकली. त्याने ती महिन्याभरात मोडली. टाकी एकीकडे गेली, चाके दुसरीकडे, इंजिन तिसरीकडे. तिचा तेलाचा पंप शेवटी आम्हीच विकत घेतला, आणि त्या एका पंपासाठी जी रक्कम मोजली ती आम्ही प्रथम अख्ख्या गाडीस देऊ केलेल्या रकमेहून फार कमी नव्हती.

आमचे स्नेही म्हणतात, ‘पाहा, तुमच्या खरेपणाने गाडी वाचली नाही, आणि तुमचाही तोटा झाला. तुम्ही मोडली असती तर निदान तिचे हृदय तुमच्या गाडीत धडधडत राहिले असते.’ या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. ती गाडी आमच्याकडे आली असती तर कदाचित आम्ही ती मोडलीही नसती, अशी एक पळवाट आम्ही स्वतःस देऊन पाहिली. पण चापड्याच्या फाट्यापर्यंत केलेला हिशेब आम्हांस स्पष्ट आठवतो. तरीही आमचे मत असे आहे की आजींना न सांगता ती नेणे ही चोरी नसली तरी चोरीची धाकटी बहीण झाली असती. वस्तूची किंमत न जाणणाऱ्याकडून ती घेणे हा व्यापारात चातुर्याचा भाग मानला जातो. परंतु जुनी वस्तू जतन करीत असल्याचा मान ज्याला हवा आहे त्याने या चातुर्यावर हक्क सांगू नये.

आणि मोडण्याविषयी? जी गाडी पुरात वाहून वाकली, जिची चौकट जळाली, तिचे भाग दुसरीस लावण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. परंतु जी उभी राहू शकते तिला मोडणे, केवळ तिचा मालक अजाण आहे किंवा भाग सुटे विकले की पैसे अधिक येतात म्हणून, हे आम्हांस मान्य नाही. दोन गाड्यांची एक झाली की त्या एकीच्या भागांसाठी उद्या तिसरी शोधावी लागते. हा हिशेब शेवटी एका गाडीवर येऊन थांबतो, आणि ती मग कोणाच्या तरी दिवाणखान्यात काचेआड उभी राहते. शिवाय यात कायद्याचीही बाजू आहे. इंजिनावर आणि चौकटीवर कोरलेले आकडे नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेले असतात. परवानगीवाचून त्यात बदल होईल असे फेरफार करणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध जाते. कागदपत्रांवाचून आलेले स्वस्त इंजिन कोणाच्या तरी चोरीस गेलेल्या गाडीचेही असू शकते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील जुन्या वाहनांस वेगळ्या नोंदणीची सोय करून दिली आहे. राजदूत ३५० पैकी सर्वांत जुनीस तो मान २०३३ साली मिळू शकेल. तोपर्यंत आपले कागद तरी धड ठेवावेत.

आणखी एक आक्षेप खरा आहे, आणि त्यास आमच्याजवळ अर्धेच उत्तर आहे. हे इंजिन तेल जाळते, आणि ताजे मिश्रण आत येत असताना त्यातील काही भाग न जळताच बाहेर जातो. मग असा धूर सोडणारे यंत्र जिवंत ठेवावेच कशाला? आम्ही ती रोजच्या कामास काढीत नाही, महिन्यातून एखाद-दोन वेळा काढतो, आणि सील व कार्ब्युरेटर नीट ठेवतो. यापलीकडे आम्ही तिचे समर्थन करीत नाही. पण या इंजिनात गोठविलेली बुद्धी पाहण्यासारखी आहे एवढे म्हणतो. सायलेन्सरची गोष्ट घ्या. आमच्याकडील तरुण आवाज मोठा व्हावा म्हणून तो कापतात. त्याच्या आतील फुगीर आकार आवाज कमी करण्यासाठी नसून, बाहेर पडणाऱ्या वायूच्या दाबाची लाट परतवून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलण्यासाठी असतो. ही विद्या पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन या अभियंत्याने एम. झेड. कंपनीत परिपूर्ण केली. १९६१ साली त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी देश सोडून पळाला आणि ती विद्या घेऊन जपानच्या सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० घन सेंटिमीटर वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. ज्या आकारासाठी एका माणसाने मायभूमी सोडली तो आकार आम्ही करवतीने कापून टाकतो!

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. गाडीचा जो भाग उघडतो त्याची मापे तीत लिहितो: सीलचे तीन व्यास-जाडीचे आकडे, बेअरिंगचा क्रमांक, पिस्टन कितव्या टप्प्यावर आहे, कोणत्या तारखेस काय बदलले. शेजारच्या आठवी-नववीतील दोन मुले व्हर्निअर कॅलिपर घेऊन मदतीस येतात. गाडीवर बसण्याचे वय व्हावयास त्यांना अजून पुष्कळ वर्षे आहेत हे काकू त्यांना दर खेपेस ऐकवितात. या वहीची नक्कल मागेल त्यास आम्ही देतो. एकाने ती घेऊन, तिच्यावरून सीलांचा संच जमवून, आमच्याच नात्यातल्या एकास दुप्पट भावाने विकला. त्याचा राग आला. पण त्या संचामुळे एक गाडी मोडण्यावाचून सुरू झाली, हेही खरे.

आमची गाडी मात्र अद्याप सुरू झालेली नाही. पंप बसला आहे. क्रँक देवासला एका वृद्ध कारागिराकडे आहे. त्याने तो आधारांवर फिरवून पाहिला, चष्मा कपाळावर चढविला आणि ‘रंगपंचमीनंतर या’ म्हणून सांगितले. कोणत्या वर्षीच्या, ते त्याने सांगितले नाही.